घरच्या किचनमधून डबे सुरू करताय? आधी काय करायचं, नंतर काय?



अमरावती असो की अकोला, शिकायला आलेली मुलं खोली करून राहतात आणि त्यांना घरच्यासारखा डबा हवा असतो. म्हणून "घरूनच डबे सुरू करतो, किचन कसं करू?" हा प्रश्न मला नेहमी येतो. माझं उत्तर एकच: मॉड्युलरचं राहू द्या. आधी धुता येईल, हवा खेळेल आणि हात चालेल असं किचन करा. दिसणं शेवटी.

हे मी पैसे घालवून शिकलो. आईचे डबे सुरू झाले तेव्हा शेगडीमागे चकचकीत प्लास्टिक स्टिकर लावला. 1,800 रुपये गेले. पहिल्याच मे महिन्यात तो सुटून शेगडीकडे लोंबायला लागला. आईचं लक्ष गेलं म्हणून बरं, नाहीतर पेटलाच असता! आणि तिला खरं हवं होतं काय? एक्झॉस्ट फॅन.

1. धुता येणं: टाइल्सच्या फटी खरवडा, पांढरं सिमेंट भरा. टाइल्स नाहीत तिथे पोपडे काढून पुट्टी आणि ऑइलपेंट. भिंत पूर्ण सुकू द्या. ओलीवर मारलेला रंग फुगतो. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांतली अनुसूची 4 स्वच्छतेबद्दलच आहे. नोंदणीआधी ती वाचून घ्या.

2. हवा: फॅन शेगडीजवळ, वरच्या बाजूला. समोरून हवा आत यायला खिडकी हवी, तिला जाळी लावा. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच.

3. गॅस: 14.2 किलोचं घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. 19 किलोचं व्यावसायिक घ्या, त्याचा खर्च वेगळा धरा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बंद कपाटात नको. आणि ते उभंच ठेवा.

4. हात चालणं: एक दिवस फक्त बघा, कशासाठी किती वेळा वाकावं लागतं, किती फेऱ्या होतात. रोजचे डबे हाताजवळ, महिन्याचं सामान वर. एका साध्या मांडणीत काम भागतं.

आता हिशोब. समजा 6,000 रुपये लावले आणि एका डब्यामागे 15 रुपये सुटतात. 6,000 भागिले 15 म्हणजे 400 डबे. रोज 20 डबे गेले तर 20 दिवसांत पैसे वसूल. पण रोज 5 च जात असतील तर 80 दिवस! मग आधी 2,000 चंच काम करा, गिऱ्हाईक वाढलं की पुढचं.

आजचा गृहपाठ: कागदावर तीन रकाने करा. काम, खर्च, किती डब्यांत वसूल. ज्या कामाने ना स्वच्छता वाढते, ना सुरक्षितता, ना वेळ वाचतो, त्यावर सरळ काट मारा.