‘विकृत’ चित्रे आणि वैद्यकाचा शब्द

वैद्यकाच्या अभ्यासक्रमातील पॅथॉलॉजी या विषयाला मराठीत ‘विकृतिशास्त्र’ म्हणतात. हे नाव मला नेहमीच समर्पक वाटत आले आहे. प्रकृतीत झालेला फेरबदल म्हणजे विकृती. त्यात निंदा नाही, निरीक्षण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचा छेद ठेवून आपण ‘येथे मेदाची विकृती दिसते’ असे म्हणतो, तेव्हा त्या यकृताचा किंवा यकृताच्या धन्याचा अपमान करीत नसतो. परंतु हाच शब्द प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात आला की त्याचा नूर पालटतो. बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेतील विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन पाहून परतणाऱ्यांच्या तोंडून ‘सगळी नुसती विकृती!’ हा अभिप्राय मी पुष्कळदा ऐकला आहे. सामान्य प्रेक्षकाने असे म्हटले तर तो आपली नावड सांगत असतो. डॉक्टरने म्हटले तर ऐकणाऱ्याला त्यात निदान ऐकू येते. प्रस्तुत लेख या फरकाविषयी आहे.

चित्र न आवडण्याचा हक्क डॉक्टरलाही आहेच. वाईट चित्रे असतात, भरपूर असतात, आणि त्यांना वाईट म्हणावे. माझे म्हणणे एवढेच, की त्यासाठी आपल्या व्यवसायाची परिभाषा उसनी देऊ नये. ती एकदा दिली गेली होती, आणि देणारा आपल्यापैकीच एक होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ मोरेल यांनी १८५७ साली ‘अवनती’चा सिद्धांत मांडला. काही कुळांत पिढीगणिक शरीर व मन ढासळत जाते आणि शेवटी वेड, वंध्यत्व व वंशनाश ओढवतो, असे त्याचे सार होते. पुढे तुरिन येथील प्राध्यापक लोम्ब्रोसो यांनी गुन्हेगारांच्या कवट्या व कान यांत या अवनतीच्या खुणा शोधल्या आणि प्रतिभा व वेड यांचेही नाते जोडले. त्यांचे चाहते असलेले डॉ. माक्स नॉर्दाऊ यांनी १८९२ मध्ये ‘एन्टार्टुंग’ (अवनती) हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध करून तो लोम्ब्रोसो यांनाच अर्पण केला. अवनत माणसे केवळ तुरुंगात व वेड्यांच्या इस्पितळात सापडतात असे नाही, ती लेखक आणि चित्रकारही असतात, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

नॉर्दाऊ हे पॅरिसमध्ये स्थायिक झालेले, मूळचे पेस्ट येथील ज्यू डॉक्टर. शार्को यांच्या तालमीत त्यांचे काही शिक्षण झाले होते. ग्रंथाची मांडणी केस पेपरसारखी आहे : लक्षणे, निदान, कारणे, भवितव्य, उपचार. रुग्ण कोण, तर वाग्नर, इब्सेन, टॉलस्टॉय, नीत्शे आणि झोला! इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या चित्रांत कडा ठळक नसतात, रंग थरथरतात; याचे कारण त्यांना निस्टॅग्मस, म्हणजे नेत्रगोलांची अनैच्छिक थरथर असावी, असे त्यांनी लिहिले. जांभळ्या रंगाच्या आवडीचा संबंध थकलेल्या मज्जासंस्थेशी जोडला. यांपैकी एकाही चित्रकाराचे डोळे त्यांनी तपासले नव्हते. तरीही ग्रंथ युरोपभर खपला, कारण नव्या कलेने गोंधळलेल्या सुशिक्षित वर्गाला त्याने मोठा दिलासा दिला. ‘मला हे कळत नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘तो आजारी आहे’ असे म्हणणे केव्हाही सोपे. बर्नार्ड शॉ यांनी १८९५ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिले; परंतु उत्तरे ग्रंथांइतकी खपत नाहीत.

नेत्रदोषाच्या या युक्तिवादातील चूक आपल्या नेत्रतज्ज्ञ सहकाऱ्यांना ठाऊक असेल. एल ग्रेको या चित्रकाराच्या आकृती लांबट असतात म्हणून त्याला अस्टिग्मॅटिझम होता, असेही अनुमान विसाव्या शतकाच्या आरंभी केले गेले. पण ज्याला माणूस लांबट दिसतो त्याला समोरचे कॅनव्हासही लांबट दिसणार. मग दोन्ही दोष एकमेकांना खोडतात आणि चित्र सरळच उतरते. आकृती लांब आहेत, कारण त्या त्याला तशा हव्या होत्या. डोळ्यांचे आजार चित्रांत उतरत नाहीत असे मात्र नव्हे. मोने या चित्रकाराच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्याचे निदान १९१२ मध्ये झाले, १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि मधल्या काळातील काही चित्रांत तांबूस-तपकिरी रंगांचा जोर दिसतो. येथे तपासणी आहे, तारीख आहे, शस्त्रक्रियेची नोंद आहे. नॉर्दाऊ यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते.

या शब्दाला वेगळे वळण देण्याची संधी वैद्यकाला एकदा मिळाली होती. हायडेलबर्गच्या मनोविकार रुग्णालयात हान्स प्रिन्झहॉर्न नावाचे तरुण डॉक्टर १९१९ मध्ये रुजू झाले. वैद्यकाआधी त्यांनी कलेतिहासात डॉक्टरेट मिळवली होती. ठिकठिकाणच्या मनोरुग्णालयांना पत्रे पाठवून त्यांनी रुग्णांची सुमारे पाच हजार चित्रे, शिल्पे व भरतकामे जमवली आणि १९२२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या नावात त्यांनी ‘कला’ हा शब्द जाणूनबुजून टाळून ‘प्रतिमानिर्मिती’ या अर्थाचा साधा शब्द योजला. कला म्हटले की चांगली-वाईट ठरवणे आलेच, आणि त्यांना आधी पाहायचे होते. केवळ चित्रावरून त्याच्या कर्त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही, ही त्यांची भूमिका मला आजही अनुकरणीय वाटते.

त्या ग्रंथात ‘पोल’ या टोपणनावाने येणाऱ्या रुग्णाचे खरे नाव फ्रान्झ कार्ल ब्युलर. हा कलात्मक लोहकाम करणारा कारागीर होता. ज्या वर्षी स्वामी विवेकानंद शिकागोत बोलले, त्याच १८९३ साली तेथील जागतिक प्रदर्शनात त्याच्या कामाला पारितोषिक मिळाले होते. पुढे त्याला स्किझोफ्रेनियाने गाठले आणि उरलेले आयुष्य रुग्णालयात गेले. त्याने काढलेल्या संहारक देवदूताच्या चित्राविषयी लिहिताना प्रिन्झहॉर्न यांना थेट ग्र्युनेवाल्डची आठवण झाली.

परंतु वारे दुसरीकडून वाहू लागले होते. वास्तुविशारद शुल्त्से-नाउम्बुर्ग यांनी १९२८ मधील ‘कला आणि वंश’ या पुस्तकात आधुनिक चित्रांतील चेहऱ्यांशेजारी शारीरिक व्यंगे असलेल्या रुग्णांची छायाचित्रे छापली. पानाच्या एका बाजूस चित्र, दुसऱ्या बाजूस रुग्ण. शब्दांची गरजच उरली नाही. ही छायाचित्रे वैद्यकीय कामासाठी काढलेली होती, हे आपण विशेष लक्षात घ्यावे.

नाझी सत्तेने १९ जुलै १९३७ रोजी म्युनिकमध्ये ‘अवनत कला’ हे प्रदर्शन भरवले. नाव नॉर्दाऊ यांच्या शब्दावरूनच. मात्र ज्यूंविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या या शब्दाला एका ज्यू डॉक्टरने लोकप्रिय केले होते, याची आठवण कोणी काढली नाही. नॉर्दाऊ १९२३ मध्येच वारले होते, आणि हर्झल यांचे सहकारी म्हणून ज्यूंच्या राष्ट्रीय चळवळीत त्यांचे स्थान मोठे होते. या पुढच्या प्रकरणाचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शब्द मात्र त्यांच्या हातून सुटला होता. सरकारी संग्रहालयांतून जप्त केलेल्या सुमारे ६५० कलाकृती अरुंद दालनांत दाटीवाटीने, काही वाकड्या टांगल्या होत्या आणि भिंतींवर टवाळीची वाक्ये रंगवली होती. प्रवेश विनामूल्य होता. एकट्या म्युनिकमध्ये वीस लाखांवर लोक ते पाहून गेले. प्रदर्शनाच्या माहितीपुस्तिकेत तीन रेखाचित्रे छापून यांतले वेड्यांच्या इस्पितळातील माणसाचे कोणते, असे कोडे घातले होते. उरलेली दोन कोकोश्का या नामवंत चित्रकाराची होती. प्रिन्झहॉर्न यांनी जमवलेली काही चित्रे पुढील गावांतील प्रदर्शनांसाठी हायडेलबर्गहूनच पाठवली गेली.

आदल्या दिवशी शेजारीच ‘निरोगी’ जर्मन कलेचे भव्य प्रदर्शन उघडताना हिटलरने केलेल्या भाषणाचा आशय डॉक्टरांनी तरी विसरू नये. आकाश हिरवे आणि कुरण निळे दाखवणाऱ्यांना खरोखरच तसे दिसत असेल, तर तो नेत्रदोष आहे आणि तो पुढच्या पिढीत जाऊ नये याची दखल गृहखात्याने घ्यावी. दिसत नसेल तर ती फसवणूक आहे व तिची दखल न्यायालयाने घ्यावी, असे तो म्हणाला. ही निव्वळ थट्टा नव्हती. आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा १९३३ मध्येच झाला होता, त्याच्या यादीत आनुवंशिक अंधत्वही होते, आणि या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. नॉर्दाऊ यांचे निस्टॅग्मस असे शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत पोहोचले.

आता त्या ‘निरोगी’ प्रदर्शनाविषयी. वाईट कलेचा नमुना दाखवा असे मला कोणी म्हटले तर मी तेथील आडोल्फ झीग्लर या चित्रकाराच्या नग्नाकृती दाखवीन. जप्तीची मोहीम चालवणारे हेच गृहस्थ. त्यांचे ‘चार तत्त्वे’ हे चित्र हिटलरने आपल्या म्युनिकमधील दालनात शेकोटीवर लावले होते. रेखाटन बिनचूक, स्नायू जागच्या जागी. पण चार स्त्रियांपैकी एकीच्याही अंगावर देवीच्या लशीचा वण नाही, त्वचेला रंध्रे नाहीत, थकवा नाही, वय नाही. चाळीस वर्षे माणसांची शरीरे पाहिलेल्या मला असे शरीर कधी भेटले नाही. याउलट ऑटो डिक्स यांचे ‘युद्धातील अपंग’ हे १९२० मधील चित्र ‘अवनत’ ठरले आणि नंतर नाहीसेच झाले. आज केवळ छायाचित्रातून दिसणाऱ्या त्या चित्रात लाकडी पाय, कृत्रिम जबडा, कंपवाताने हलणारा देह आहे. कोणत्याही अस्थिशल्यचिकित्सकाला त्यातला प्रत्येक माणूस ओळखीचा वाटेल. डिक्स स्वतः आघाडीवर लढले होते. चित्र ओंगळ आहे हे खरे, पण ते ओंगळपण तोफांनी घडवलेले होते. रोग दाखवणाऱ्यालाच रोगी ठरवण्याचा हा प्रकार.

चित्रांनंतर माणसांची पाळी आली. हायडेलबर्गच्या रुग्णालयाचे जुने प्रमुख विल्मान्स यांना १९३३ मध्ये काढून त्यांच्या जागी प्राध्यापक कार्ल श्नायडर आले. त्यांनी ‘अवनत कला आणि वेड्यांची कला’ हा निबंध १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. हेच श्नायडर मनोरुग्णांच्या हत्येच्या ‘टी-४’ योजनेत परीक्षक होते. परीक्षक डॉक्टर रुग्णाला न पाहता केवळ छापील तक्त्यावर खूण करीत : तांबडे अधिक चिन्ह म्हणजे मृत्यू, निळे उणे चिन्ह म्हणजे जीवदान. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सत्तर हजारांवर माणसे वायूने मारली गेली आणि नातलगांना मृत्यूची खोटी कारणे कळवली गेली. फ्रान्झ ब्युलरला ५ मार्च १९४० रोजी ग्राफेनेक येथे मारण्यात आले. हॅम्बुर्गच्या रुग्णालयात सहरुग्णांचे चेहरे विलक्षण मायेने रेखाटणाऱ्या एल्फ्रीडे लोह्झे-वेश्टलर या चित्रकर्तीचे १९३५ मध्ये सक्तीने निर्बीजीकरण झाले आणि ३१ जुलै १९४० रोजी झोनेनश्टाइन येथे तिचाही अंत करण्यात आला. श्नायडर यांनी १९४६ मध्ये कोठडीत आत्महत्या केली.

या वावटळीतून निसटलेली काही माणसे आपल्याकडे आली, ही हकिकत फारशी सांगितली जात नाही. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, जर्मन समीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन आणि औषधांच्या व्यवसायातील संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर हे तिघे मुंबईत स्थिरावले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुणांना त्यांनी पुस्तके दाखवली, चित्रे विकत घेतली, वर्तमानपत्रांत पाठराखण केली. त्या ग्रुपमध्ये गोव्याचे सूझा होते, विदर्भातले गाडे होते आणि बडोद्यात जन्मलेले शिल्पकार सदानंद बाकरे होते. त्यांच्या कामालाही ‘विकृत’ म्हणणारे निघालेच. पण भिंतीवर टवाळी रंगवणारे सरकार काय करू शकते, हे पाहून आलेले हे तिघे त्यांच्या पाठीशी होते.

चित्रावरून मेंदूविषयी काही शिकताच येत नाही काय? येते, आणि त्याचे फार सुंदर उदाहरण याच इतिहासात आहे. कोलोनचे चित्रकार आन्टोन रेडरशाइट यांची चित्रे नाझींनी ‘अवनत’ ठरवली, तेव्हा ते पूर्ण निरोगी होते. त्यांना देश सोडून फ्रान्सला जावे लागले. युद्धानंतर ते कोलोनला परतले आणि १९६७ मध्ये, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांच्या मेंदूच्या उजव्या गोलार्धात पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू त्यांच्या जाणिवेतून पुसली गेली. त्यानंतर त्यांनी आरशासमोर बसून स्वतःची साठांवर चित्रे काढली. आरंभीच्या चित्रांत चेहऱ्याचा उजवा भाग तेवढा उमटतो, डावीकडे कोरा कागद. मग तेथे एखादी रेघ येते, डोळ्याची खूण येते, आणि काही महिन्यांत रेषा मध्य ओलांडून हळूहळू पलीकडे सरकतात. मज्जाविकारतज्ज्ञांनी ही चित्रे तारखांप्रमाणे मांडून, तपासणीच्या नोंदींशी ताडून प्रसिद्ध केली. दुर्लक्षित अर्धे जग रुग्णाला कसे परत मिळते हे त्यांतून जगभरच्या विद्यार्थ्यांना पाहता आले. त्या चित्रांचा तो अर्धा, तुटका, धडपडणारा चेहरा पाहायला सोपा नाही. कलासमीक्षकांपैकी काहींना मात्र त्यांत चित्रकाराच्या आधीच्या नेटक्या चित्रांपेक्षा अधिक बळ दिसते, आणि याबाबत मी त्यांच्या बाजूचा आहे. रेडरशाइट १९७० मध्ये वारले. शेवटच्या चित्रांत दोन्ही डोळे आहेत.