अनाहूत बियाणे

टपालाने आलेल्या पाकिटावर आपले नाव असले, की ते आपलेच असे आपण धरून चालतो. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील हजारो घरी या समजाला धक्का बसला. पाकिटावर बहुधा दागिन्यांचा उल्लेख, लेबल चिनी टपालाचे आणि आत न मागवलेल्या बिया!

तेथील कृषी खात्याने तपासणी केली, तेव्हा मोहरी, कोबी, पुदिना, गुलाब, जास्वंद अशी ओळखीचीच नावे निघाली. मग हेतू काय? खात्याच्या मते ही विक्रेत्यांची क्लृप्ती असावी : क्षुल्लक वस्तू कोणाच्याही पत्त्यावर धाडायची आणि ती पोचल्याची नोंद होताच त्या गिऱ्हाइकाच्या नावाने स्वतःच्याच मालाची स्तुती लिहायची. काहींनी मात्र बिया स्वतःच मागवल्या होत्या व ते विसरले होते, असेही पुढे आढळले.

मग भीती अनाठायी होती काय? नाही. बी रुजते, पसरते आणि कधी रोग व कीडही सोबत आणते. दाखला आपल्या दारातच आहे. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळले. ते आयात धान्यातून आले असे मानतात. त्याचे एक रोप हजारो बिया टाकते. आज ते देशभर पसरले असून त्याच्या स्पर्शाने अनेकांना त्वचारोग जडतात. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारनेही अशा पाकिटांविषयी राज्यांना सावध केले, ते उगीच नव्हे.

तेव्हा असे पाकीट आल्यास ते पेरू नये, फेकूही नये. कृषी अधिकाऱ्यांकडे सोपवावे. उकिरड्यावर पडलेले बीही रुजतेच.