बोलू न शकणारा विद्यार्थी आणि विज्ञानाचा तास

मीरा रोड आणि भाईंदर या स्थानकांच्या परिसरातील खाडीलगतची मिठागरे पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना परिचित आहेत. त्यांचा विस्तार पूर्वीइतका राहिलेला नाही; तथापि भरतीचे पाणी वाफ्यात घ्यावे, उन्हाने ते आटू द्यावे आणि उरलेले मीठ ओढून काढावे, ही रीत या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पलीकडे उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंवर वाळत घातलेले बोंबील हेही त्याच क्रियेचे उदाहरण होय. बाष्पीभवनाचा धडा शिकविण्यास याहून सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

परंतु वर्गात एखादा विद्यार्थी ऐकतो, पाहतो, समजतो आणि तरीही मुखाने बोलू शकत नाही, तेव्हा या धड्यातील काय त्याच्या वाट्याला येते? बहुधा एवढेच, की त्याला पुढच्या बाकापाशी बसविले जाते, बशी दाखविली जाते आणि इतरांनी टाळ्या वाजविल्या की तोही हसतो. त्याने प्रयोग पाहिला, असे म्हणता येईल. केला, असे म्हणता येणार नाही. विज्ञानाचे मर्म पाहण्यात नसून आधी अंदाज बांधण्यात, तो चुकला तर का चुकला हे विचारण्यात आणि दुसऱ्याच्या म्हणण्याशी असहमत होण्यात आहे. या तीन गोष्टींसाठी लागणारे शब्द ज्याच्या हाताशी नाहीत, तो विद्यार्थी वर्गात असूनही वर्गाबाहेर राहतो.

मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता आणि इतर काही कारणांनी ज्यांची वाणी अपुरी पडते, त्यांच्यासाठी पर्यायी व पूरक संवादसाधने वापरली जातात. चार्ल्स ब्लिस यांनी १९४९ मध्ये मांडलेली चिन्हलिपी १९७१ पासून कॅनडातील टोरांटो येथे अशा बालकांसाठी उपयोगात येऊ लागली. मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली. आज ती ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करीत मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाची पदवी व पुढे लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. त्यांच्या आत्मकथनाचे ‘वन लिटल फिंगर’ हे नाव त्या बोटावरूनच आले आहे.

आज साधने पुष्कळ आहेत. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेले ‘जेलो’ हे अ‍ॅप चित्रावर बोट ठेवताच तो शब्द उच्चारून दाखविते व ते मराठीतही चालते. एकच वाक्य ध्वनिमुद्रित करून ठेवता येईल असे बटण असते. आणि सर्वांत स्वस्त म्हणजे पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवून केलेला संवादफलक. त्याला वीज लागत नाही, तो पावसाळ्यातही बंद पडत नाही. यंत्र असले तरी हा फलक दप्तरात असावाच.

हे केवळ सहृदयतेवर सोपविलेले काम नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ ने मान्यताप्राप्त शाळांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली आहे, तर कलम १७ मध्ये पर्यायी व पूरक संवादपद्धतींच्या वापरास उत्तेजन देणे आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तके व योग्य साधने विनामूल्य पुरविणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शिक्षकाने एक लिटर पाण्यात तेवढेच मीठ विरघळवावे आणि ते तीन सारख्या बशांत सारखे ओतावे. एक बशी उन्हात, दुसरी सावलीत उघडी, तिसरी सावलीत झाकून ठेवावी. पाण्याच्या पातळीवर रंगीत खूण करावी. कोणती बशी आधी आटेल, हा अंदाज प्रत्येकाने प्रयोगापूर्वी नोंदवावयाचा आहे.

येथेच फलकाची परीक्षा होते. अनेक फलकांवर ‘पाणी हवे’, ‘भूक लागली’, ‘शौचास जायचे आहे’ एवढेच असते. या गरजा खऱ्याच. परंतु त्यांवर विज्ञानाचा तास चालत नाही. काही शिक्षक ‘मीठ’, ‘बशी’, ‘ऊन’ अशी नामे वाढवितात. त्यानेही विद्यार्थी फक्त वस्तू दाखवू शकतो, विचार मांडू शकत नाही. फलकावर प्रथम जागा मिळावी ती ‘मला वाटते’, ‘का’, ‘जास्त’, ‘कमी’, ‘बदलले’, ‘तसेच राहिले’, ‘पुन्हा करा’, ‘मला पटत नाही’ आणि ‘माझी पाळी’ यांना. बाष्पीभवन संपून चुंबकाचा धडा आला तरी हे शब्द तेच राहतात. पाठागणिक पाचसहा नामे तेवढी बदलावी लागतात. मीरा-भाईंदरमध्ये मराठीबरोबर हिंदी, गुजराती व उर्दू बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. घरची भाषा वेगळी असल्यास चित्राखाली दोन्ही भाषांत शब्द लिहावेत, म्हणजे पालकांनाही त्याच फलकावर बोलता येईल.

शिक्षकानेही बोलताना फलकावरील चित्रांना बोट लावीत जावे. इतर मुले भाषा ऐकून शिकतात; या मुलाची भाषा चित्रांची असेल, तर ती वापरताना त्याला कोणी तरी दिसले पाहिजे.

दुसरी गोष्ट वेळेची. साधारण बोलण्याचा वेग मिनिटाला शंभराहून अधिक शब्द असतो. साधनाद्वारे बोलणाऱ्याचा तो बहुधा पंधराच्या आत राहतो. प्रश्न विचारून दोन क्षणांत दुसऱ्याकडे वळणे म्हणजे त्याला प्रश्न न विचारण्यासारखेच आहे. यावर सोपा उपाय असा, की प्रश्न आदल्या दिवशी सांगावा आणि अंदाज घरूनच साधनात भरून आणू द्यावा. स्टीफन हॉकिंग यांची वाणी १९८५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर कायमची गेली. काही काळ कोणी अक्षरांच्या तक्त्यावर बोट ठेवावे आणि त्यांनी भुवई उंचावावी, असा त्यांचा संवाद चाले. पुढे संगणक आला. जानेवारी २००१ मध्ये ते मुंबईत भौतिकशास्त्रज्ञांच्या परिषदेस आले, तेव्हा संगणकाच्याच आवाजाने बोलले आणि सभागृहाने वाट पाहिली. शाळेच्या वर्गाला तेवढा धीर जमू नये, असे नाही.

बशांची नोंद रोज व्हावी. ही पाळी त्या विद्यार्थ्याकडे दिल्यास ‘कमी झाले’ किंवा ‘तसेच राहिले’ हे तो स्वतः सांगेल. पाणी मूळच्या सुमारे एकदशांशावर येईपर्यंत मिठाचे स्फटिक धरत नाहीत. त्यामुळे तीनचार दिवस पाणी घटताना दिसते, पण मीठ दिसत नाही. ‘का?’ या चित्रावर बोट जाण्याची हीच वेळ. सावलीतील उघड्या बशीवर वारा लागत असेल, तर ती अपेक्षेपेक्षा लवकर आटते. अंदाज चुकण्याची ही संधी शिक्षकाने टाळू नये.

याच पाण्याचा आणखी एक प्रयोग आहे. ताजे अंडे साध्या पाण्यात बुडते, पुरेसे मीठ घातल्यावर तरंगते. मीठ किती चमचे पडावे आणि केव्हा थांबावे, हे ध्वनिमुद्रित बटणावरील ‘आणखी एक’ या वाक्याने ठरू द्यावे. विजेच्या धड्यात तर हे साधनच प्रयोगाचे साहित्य ठरते. मोठे बटण दाबताच मंडल पूर्ण होते व दिवा लागतो. ज्याचे बोट फक्त तेवढेच हलते, तो विद्यार्थी त्या दिवशी मंडल जोडणारा असतो, आणि आपल्या सहाध्यायाचे बटण कसे चालते हे सर्व वर्गाला कळते.

एका बाबतीत मात्र सावध राहणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याचा हात किंवा कोपर धरून त्याचे बोट अक्षरांवर नेण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. १९९० च्या दशकातील काटेकोर चाचण्यांत असे आढळले, की त्या रीतीने उमटणारे शब्द बहुधा मदतनिसाचेच असतात. मदतनिसाने फलक धरावा, एकेका ओळीवर बोट न्यावे आणि विद्यार्थ्याच्या खुणेची वाट पाहावी. निवड त्याची राहिली पाहिजे. घरून पुढे आलेले उत्तर नेहमीच अचूक असेल, तर ते कोणाचे आहे हे पडताळण्यास हरकत नाही.

मूल्यमापनातही अडचण येते. केवळ ‘हो’ की ‘नाही’ एवढेच विचारले, तर निम्मी उत्तरे योगायोगाने बरोबर ठरतात. चार चित्रांपैकी एक निवडणे, घटनांची चित्रे क्रमाने लावणे किंवा चुकीचे विधान ओळखणे हे प्रकार अधिक खात्रीचे आहेत. जादा वेळ व लेखनिक यांची तरतूदही कलम १७ मध्ये आहे. तिचा उपयोग वार्षिक परीक्षेपुरता न राहता घटक चाचणीतही व्हावा.

महापालिका, ग्रामपंचायती व शाळा व्यवस्थापन समित्या यांच्याकडून लागणारे साहाय्य फार खर्चाचे नाही. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकाच्या भेटीचा दिवस विज्ञानाच्या तासाशी जुळविणे, प्रयोगाचे टेबल चाकांच्या खुर्चीच्या उंचीचे करणे आणि भारित करण्यासाठी वर्गात विजेची एक जोडणी देणे, ही कामे स्थानिक पातळीवर होऊ शकतात. शासनाकडून मिळालेले साधन हरवेल या भीतीने कपाटात कुलूपबंद ठेवण्याची प्रथा मात्र बंद झाली पाहिजे. ते विद्यार्थ्याबरोबर घरी जावे व सुटीतही त्याच्याकडेच राहावे. वर्ग बदलताना त्याचा फलक, त्यातील शब्दांची यादी आणि तो होकार कसा देतो, नकार कसा देतो याची नोंद जूनमध्ये नव्या शिक्षकाच्या हाती पडावी. एरवी ही ओळख होण्यातच पहिले सत्र निघून जाते.