उथळ विहिरीवरील घरगुती पंप : मर्यादा ओळखा, हानी टाळा

घरामागच्या विहिरीवरील रहाटाची जागा आता बहुतेक ठिकाणी विजेच्या पंपाने घेतली आहे. पाणी शेंदण्याचे कष्ट त्यामुळे वाचले. तथापि उन्हाळा लागला की ‘मोटार फिरते, पण पाणी येत नाही’ ही तक्रार गावोगावी ऐकू येते. मग पंप कमजोर ठरवून अधिक अश्वशक्तीचा पंप विकत घेतला जातो आणि तोही पाणी देत नाही. दोष पुष्कळदा यंत्राचा नसून ते बसविलेल्या जागेचा असतो.

पाणी ढकलले जाते

काठावरचा पंप विहिरीतील पाणी ओढून घेतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पंपातील पंखा फिरू लागला की आतील पाणी बाहेर फेकले जाते आणि पंख्याच्या मध्याशी दाब कमी होतो. विहिरीतील पाण्यावर मात्र हवेचा दाब कायम असतो. तोच दाब पाण्याला नळीतून वर ढकलतो.

हा दाब सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो, हे टॉरिसेली या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात दाखवून दिले. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. त्या हिशेबाने पाण्याचा स्तंभ सुमारे १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट भरतो. नळीतील घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाता व्यवहारात ६ ते ७ मीटर एवढीच उंची हाती राहते. समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंचीवरील गावी तीही सुमारे एक मीटरने घटते.

मोटार अर्ध्या अश्वशक्तीची असो वा पाच, ही मर्यादा बदलत नाही. वाढीव अश्वशक्तीने पाणी पंपापासून उंच टाकीपर्यंत नेता येते. विहिरीतून पंपापर्यंत आणता येत नाही. पावसाळ्यानंतर पंपाखाली ३ मीटरवर असलेले पाणी मे महिन्यात ९ मीटरवर गेले, तर चांगला पंपही निकामी भासतो. म्हणून पंपाची जागा ठरविताना उन्हाळ्यातील पातळीच प्रमाण मानावी.

बसविताना घ्यावयाची काळजी

पंप विहिरीच्या शक्य तितक्या जवळ, पक्क्या ओट्यावर व छपराखाली बसवावा. विहिरीत सोडावयाची नळी आखूड, कमीत कमी वळणांची आणि पंपाच्या तोंडाहून अरुंद नसलेली असावी. ती पंपाकडे सतत चढती ठेवावी. मध्येच उंचवटा राहिल्यास तेथे हवा साठते. नळीच्या टोकाशी असलेला फूट व्हॉल्व्ह, ज्याला खेड्यांत ‘फुटबॉल’ म्हणतात, पाणी परत विहिरीत जाऊ देत नाही. तो नेहमी पाण्याखाली, परंतु तळच्या गाळापासून दीड-दोन फूट वर असावा.

चालू करण्यापूर्वी पंप व नळी पाण्याने पूर्ण भरून घ्यावी, कारण हवेत फिरणारा पंखा पुरेशी निर्वात स्थिती निर्माण करू शकत नाही. कोरडा पंप चालू ठेवल्यास सील जळते. पंपाने पाणी सोडले, तर प्रथम विहिरीची पातळी, मग फूट व्हॉल्व्हमधील कचरा, त्यानंतर नळीचे सांधे तपासावेत. सांध्यातील बारीक फटीतून पाणी गळताना दिसले नाही, तरी हवा आत शिरते.

मोटारीला योग्य अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असणे अगत्याचे आहे. विहिरीत उतरण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा.

जिवाचा धोका

पातळी खाली गेली की डिझेल अथवा पेट्रोलचे इंजिनच विहिरीत उतरविण्याचा प्रकार घडतो. तो प्राणघातक आहे. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही व वास नाही. तो विहिरीत कोंडून राहतो आणि माणूस बेशुद्ध पडतो. त्याला वाचविण्यासाठी धावत उतरणाराही त्याच वायूला बळी पडू शकतो. म्हणून कोणीही घाईने आत उतरू नये. अग्निशमन दलास तात्काळ पाचारण करावे. पाणी काठावरच्या पंपाच्या मर्यादेपलीकडे गेले असल्यास जेट पंप किंवा पाण्यात बुडवून चालविण्याचा पंप हा योग्य पर्याय होय. जेट पंप थोडे पाणी दाबाने परत खाली सोडून त्याच्या जोरावर अधिक पाणी वर आणतो. बुडविलेला पंप तर खालूनच पाणी वर लोटतो.

दोराची नोंदवही

पंप खरेदी करण्यापूर्वीचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वजन बांधलेला दोर. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. शाळेतील विद्यार्थ्यांकडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि कठडा असलेल्या विहिरींवर, हे काम सहज होऊ शकेल. ग्रामपंचायतीने अशी नोंदवही ठेवल्यास कोणत्या घरी कोणता पंप चालेल, हे तर कळेलच. शिवाय गावाच्या भूजलाची पातळी वर्षागणिक कोठे चालली आहे, हेही ग्रामसभेसमोर आकड्यांनी मांडता येईल. पंप पाणी वर आणतो, निर्माण करीत नाही. विहिरीत पाणी टिकले, तरच पंपाचा उपयोग.