झेल, वेळ आणि मनाची आणीबाणी

क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे का घेता? ताठ हातांनी ज्याने एकदा झेल घेतला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. त्याचे तळवेच सांगतात! तरीही आपण हिशेब मांडू. चेंडूचे वस्तुमान सुमारे ०.१६ किलोग्रॅम. त्याचा वेग सेकंदाला २० मीटर धरा. दोहोंचा गुणाकार म्हणजे संवेग. तो आला ३.२. हात ताठ ठेवून चेंडू ०.०१ सेकंदात थांबवला, तर तळव्यावर सरासरी ३२० न्यूटन बल पडते. हात मागे नेत ०.१ सेकंदात थांबवला, तर अवघे ३२ न्यूटन. चेंडू तोच, वेगही तोच. वेळ दसपट केली आणि बल एकदशांश झाले.

आता मैदानातून जरा बाहेर येऊ.

१९८७ साली अमेरिकेतील मेंफिस शहरात मानसिक आजार असलेला एक तरुण हातात सुरी घेऊन उभा होता. पोलीस आले. सुरी टाकण्याचा हुकूम झाला, तो त्याने मानला नाही, आणि गोळ्या सुटल्या. तरुण मरण पावला. शहरात मोठा क्षोभ झाला. पण नुसत्या संतापावर गोष्ट थांबली नाही. पोलीस खाते, मनोरुग्णांच्या नातेवाइकांची संघटना आणि तेथील विद्यापीठांतले तज्ज्ञ एकत्र बसले, आणि १९८८ मध्ये पोलिसांसाठी एक नवे प्रशिक्षण सुरू झाले. ते ४० तासांचे असते. स्वतःहून पुढे येणाऱ्यांतून निवड करून पोलिसांना ते दिले जाते. पुढे अनेक शहरांनी हा 'मेंफिस नमुना' उचलला.

या ४० तासांत काय शिकवतात? डॉक्टर आजारांची ओळख करून देतात. रुग्ण आणि त्यांचे आप्त स्वतः येऊन बोलतात. शेवटी नाटकासारखे प्रसंग उभे करून सराव घेतात. हुकूम न पाळणारा माणूस उद्धटच असेल असे नाही, हे तेथे प्रथम समजते. त्याच्या कानात दुसरेच आवाज घुमत असतील, तर चार जणांच्या आरडाओरड्यात पोलिसाचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा? म्हणून बोलायचे एकानेच, हळू आवाजात, लहान वाक्यांत. भोंगा आणि लखलखणारे दिवे शक्य तेथे बंद करायचे. "मला मारायला माणसे आली आहेत," असे तो म्हणाला, तर वाद घालायचा नाही आणि "हो, मलाही दिसतात," असे खोटेही बोलायचे नाही. "तुम्हाला फार भीती वाटते आहे, हे मला कळते," एवढे मात्र खरेपणाने म्हणता येते.

आणि अंतर ठेवायचे. का, ते पाहा. धावणारा माणूस सेकंदाला ५ मीटर जातो असे धरू. पोलीस २ मीटरवर उभा असेल, तर त्याच्या हाती ०.४ सेकंद उरतात. तेवढ्यात विचार कसला होणार? भीतीने हात शस्त्राकडे जातो. तोच पोलीस १० मीटरवर, मध्ये एखादी मोटार ठेवून उभा राहिला, तर २ सेकंद आणि आडोसा दोन्ही मिळतात. अंतराने वेळ मिळते, वेळेने धीर येतो आणि धीर आला की बळाची गरज कमी होते.

अर्थात माणूस म्हणजे चेंडू नव्हे; त्याच्या मनाला न्यूटनचे सूत्र लावता येत नाही. येथे आपण केवळ उपमा घेतली आहे. प्रत्यक्ष अभ्यासांतून असे दिसले आहे की, अशा प्रशिक्षणाने पोलिसांचे ज्ञान व दृष्टी सुधारते; बळाचा वापर नक्की किती घटतो याविषयी मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय प्रशिक्षण एकटे पुरत नाही. रुग्णाला नेल्यावर रुग्णालयाचे दार उघडे हवे. मेंफिसमध्ये तीही व्यवस्था केली होती.

आपल्याकडे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १०० व्या कलमाप्रमाणे, मानसिक आजाराने स्वतःला वा इतरांना धोका निर्माण झालेल्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणाखाली घ्यायचे आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचे. तिला कोठडीत वा तुरुंगात मुळीच ठेवायचे नाही. पोलिसांना वेळोवेळी याचे शिक्षण द्यावे, असेही हा कायदा सांगतो.

परंतु पोलीस येण्यापूर्वी तेथे कोण असते? शेजारी, वाटसरू, कदाचित तुम्हीच. आमच्या वसतिगृहात एकदा एक मुलगा भेदरून खोलीत कोंडून बसला. सारे दार फोडायला निघाले होते. म्हाताऱ्या रखवालदाराने सगळ्यांना जिन्याखाली पिटाळले आणि स्वतः दारापासून थोडा दूर, जमिनीवर बसला. "बाळा, मी इथंच आहे. घाई नाही," इतकेच तो मधूनमधून म्हणे. पाऊण तासाने कडी निघाली. त्याला संवेग ठाऊक नव्हता, पण झेल त्याने अचूक घेतला.

तुमच्यावर असा प्रसंग आला, तर घोळक्यात उभे राहून हसू नका आणि एकट्याने पुढेही जाऊ नका. गर्दी मागे हटवा, मोठ्या माणसांना बोलवा. जिवाला धोका दिसला तर ११२ क्रमांक लावा. मनाच्या त्रासाविषयी, स्वतःच्या असो वा मित्राच्या, बोलायचे असेल, तर सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते. हा क्रमांक आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.