दिवा लागतो, मग ट्रॅक्टर का लागत नाही?

डिसेंबर महिना. पहाटेची वेळ. धुळ्याकडे या दिवसांत थंडी चांगलीच झोंबते. कपाशी बाजारात न्यायची म्हणून ट्रॉली रात्रीच भरून ठेवली आहे. शेतकरी चावी फिरवतो. नुसते 'कट् कट्' वाजते. सेल्फ काही फिरत नाही. दिवा लावून पाहावा, तर तो लागतो!

मिस्त्री येतो.

“भाऊ, बॅटरी तर चांगली आहे. दिवा लागतोय ना!”

“आबा, दिवा खातो चार-पाच अँपियर. सेल्फ खातो दोनशे. टोपलं उचलणारं पोरगं कापसाचं गाठोडं उचलेल का?”

मिस्त्री बरोबर बोलला. पण असे का होते?

आपली विहीर आठवा. पंप बंद असता पाणी वर दिसते. पंप चालू केला की पातळी उतरते. झरा जोरकस असेल तर थोडी उतरते. झरा बुजलेला असेल तर पाणी तळाला जाते. पंप बंद करा, पातळी पुन्हा चढते. वरून पाहणाऱ्याला वाटते, पाणी पुष्कळ आहे.

बॅटरीचेही तसेच आहे. तिच्यात सहा घरे असतात. दर घराचे दोन व्होल्टांहून थोडे जास्त. भरलेली बॅटरी स्वस्थ असता मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो. ही झाली बंद पंपाची पातळी. ओढ लागली की ती उतरते, कारण बॅटरीच्या पोटातही विजेला अडथळा असतो. चांगल्या बॅटरीत तो एका ओहमचा शंभरावा भाग धरा. २०० अँपियर ओढले, तर २ व्होल्ट आतच खर्च होतात. साडेदहा उरतात. सेल्फ फिरतो. बॅटरी थकली आणि अडथळा तिप्पट झाला, तर ६ व्होल्ट आत जातात. उरलेल्या साडेसहांत सेल्फ कसा फिरावा? दिव्याला मात्र या अडथळ्याचा पत्ताही लागत नाही.

ही शिसे-तेजाबाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनविली. पुढे तिच्यात सुधारणा पुष्कळ झाल्या. हा स्वभाव तोच राहिला.

आता खानदेशची गोष्ट. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हाने बॅटरीतले पाणी आटते, आतल्या पट्ट्या झिजतात. खरे नुकसान मे महिन्यात होते. पण तेव्हा इंजिन ऊबदार असते, काम निभावते. थंडीत तेल घट्ट होते, सेल्फला जोर जास्त लागतो. आणि बॅटरीची ताकद थंडीने आणखी घटते. म्हणून दुखणे उन्हाळ्याचे, पण कळते डिसेंबरात.

मग तपासावे कसे? मीटर बॅटरीला लावा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. सेल्फ फिरताना दहाच्या आसपास राहिले तर ठीक. साडेनऊच्या खाली गेले तर काही बिघडले आहे. पण लगेच नवी बॅटरी घेऊ नका. पैसे काही झाडाला लागत नाहीत. आधी टोके पाहा. पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर तोही अडथळाच. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टोके धुवा, वायर घट्ट आवळा. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा पाहा. जुनी बॅटरी विकत घेताना तर नुसत्या मीटरवर भुलू नका. “लोड टाकून दाखवा,” असे स्पष्ट म्हणा.

पाणी कमी झाले तर डिस्टिल्ड पाणीच घाला. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, ते चालत नाही. वायर काढताना उणे टोक आधी काढा, लावताना शेवटी लावा. आणि जवळ विडी नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. एका ठिणगीने बॅटरी फुटते आणि तेजाब डोळ्यांत उडते.