पौलाचा हिशेब

ख्रिस्ती मनुष्याने शाश्वताकडे दृष्टी लावावी व ऐहिकाकडे पाठ फिरवावी, असे आपण उपासनेत वारंवार ऐकतो. पण पाठ फिरवणे म्हणजे नेमके काय करणे? ज्या घरात उद्याच्या दळणाची विवंचना आहे, त्या घराने ऐहिकाकडे पाठ फिरवावी तरी कशी? आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. "शिक्षण, नोकरी हे सारे नाशवंत आहे," असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझ्या आईला ऐकवले. (त्यांची स्वतःची मुले केव्हाच नोकरीला लागली आहेत, हे जाता जाता सांगते.) म्हणून मी पौलाचे करिंथकरांस दुसरे पत्र वही-पेन्सिल घेऊन वाचावयास बसले.

दिसणाऱ्या गोष्टी क्षणिक आणि न दिसणाऱ्या सार्वकालिक, हा विचार या पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी येतो. प्रवचने बहुधा येथेच थांबतात. पत्र मात्र थांबत नाही. आठव्या व नवव्या अध्यायांत तोच पौल चक्क वर्गणी मागतो! यरुशलेमेतील गरीब बांधवांसाठी पैसे हवे आहेत. मासेदोनियातील मंडळ्यांनी स्वतः दारिद्र्यात असून किती दिले, हे तो करिंथकरांना सांगतो आणि तुम्ही वर्षापूर्वी सुरू केलेले काम आता पुरे करा, असा तगादाही लावतो. रक्कम मोठी, तिच्याबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून तीताबरोबर आणखी बंधू पाठवतो. ज्याची दृष्टी अदृश्यावर खिळली आहे, तो पै-पैच्या चोखपणाची एवढी काळजी करतो! शिवाय हा मनुष्य करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करीत असे.

याच आठव्या अध्यायात पौल आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला सर्वांत मोलाची वाटते. ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने त्याने द्यावे. दुसऱ्याला आराम आणि तुमची मात्र ओढाताण, असा आपला हेतू नाही. हे वाचताना मला आमचे घर आठवले. आई कांदे काढण्याच्या रोजंदारीवर जाते. सुगीच्या उपकारस्तुतीला ती दोन मापटी बाजरी चर्चमध्ये नेते, न चुकता. पण माझ्या फीच्या डब्याला हात लावीत नाही, उपकारस्तुतीसाठीसुद्धा नाही. मी एकदा विचारले तर म्हणाली, "आगं, त्ये बी देवाच्याच कामाचं हाय." पौलाचे पत्र तिने वाचलेले नाही, तिला वाचता येत नाही.

आपल्या मराठी मुलखात या विषयावर बोलताना रेव्हरंड ना. वा. टिळकांचे नाव घ्यावेच लागते. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली व साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. त्यांच्या वैराग्याचे कौतुक होते व ते योग्यच आहे. परंतु लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचा. टिळकांचा हात सढळ, आणि घरी आलेल्यागेलेल्याच्या ताटात काय वाढायचे, ही चिंता लक्ष्मीबाईंची! त्या हे सारे हसत हसत लिहितात, म्हणून आपणही हसतो. मला विचाराल तर स्वर्गातील संपत्तीचा हिशेब मांडताना टिळकांच्या खात्यावरची बरीचशी रक्कम त्यांच्या पत्नीच्या नावे वळती करावी लागेल. तिने धान्य मोजले म्हणून त्यांना न मोजता देता आले.

पण टिळकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंना वाचायला-लिहायला शिकवण्याचा ध्यास त्यांनीच घेतला. 1919 साली टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.